एसटीचा ताफा एसटीच्याच मालकीचा असावा

राज्य परिवहन महामंडळाने गाड्या स्वतःच्या पैशाने घ्याव्यात की खासगी कंत्राटदारांकडून भाड्याने, हा प्रश्न गेली आठ-नऊ वर्षे निविदांच्या बातम्यांतून तुकड्यातुकड्यांनी आपल्यासमोर येत आहे. कधी एसटीच्या वातानुकूलित शिवशाही गाड्यांच्या अपघातांच्या निमित्ताने त्याची चर्चा होते, कधी विजेवरच्या गाड्या वेळेत आल्या नाहीत म्हणून. पण तो सलगपणे क्वचितच मांडला जातो, कारण एसटीविषयी बोलायला बसले की चर्चा तोट्यापाशी सुरू होते आणि तोट्यापाशीच संपते. जून २०२५ मध्ये महामंडळाची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली आणि संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे त्यातून समोर आले, तेव्हाही हेच घडले. वास्तविक एसटीचा तोटा आणि एसटीचा ताफा हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्या संस्थेच्या गाड्या जुन्या होतात, रस्त्यात बंद पडतात आणि फेऱ्या रद्द करायला लावतात, तिचे उत्पन्न घटणारच. पण त्या घटलेल्या उत्पन्नाचेच कारण पुढे करून नव्या गाड्या घेण्याऐवजी भाड्याच्या गाड्या आणणे हा उपाय नव्हे. त्याने दुखणे मुरते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मताला मुख्य आधार एसटीच्या ताफ्याच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात सापडतो.

तो इतिहास खासगी वाहतुकीच्या गोंधळातून सुरू होतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबई इलाख्यात अनेक खासगी मोटारमालक गावोगाव गाड्या चालवत असत. १९३९ चा मोटार वाहन कायदा येईपर्यंत त्यांच्या भाड्यावर, वेळापत्रकावर किंवा गाडीच्या स्थितीवर कोणाचेच नियंत्रण नव्हते. जिथे गर्दी तिथे चार गाड्या आणि जिथे चार माणसे तिथे एकही नाही, हा त्या व्यवस्थेचा स्वभाव होता. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारची पहिली गाडी धावली, ती या स्वभावाला दिलेले उत्तर होती. सुरुवातीच्या ताफ्यात लाकडी सांगाड्याच्या आणि काथ्याच्या बैठकांच्या ३० बेडफर्ड गाड्या होत्या. १९५० च्या केंद्रीय कायद्यानंतर महामंडळ अस्तित्वात आले, खासगी मार्ग एकेक करून ताब्यात घेतले गेले आणि ताफा भराभर वाढला.

मात्र हा वाढता ताफा एकजिनसी नव्हता. बेडफर्डबरोबर शेव्हरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, सेडन, फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या त्या काळी एसटीत होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत जी चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह गाडीचा मूळ सांगाडा, मिळेल ती घ्यावी लागत होती. दहा बनावटी म्हणजे सुट्या भागांचे दहा साठे, आणि तेवढ्या सगळ्या इंजिनांची नाडी ओळखणारे यांत्रिक. एका आगारात क्लच प्लेट पडून आहे आणि शेजारच्या आगारात त्याच भागावाचून गाडी उभी आहे, पण बनावट वेगळी असल्याने एकीचा भाग दुसरीला चालत नाही, अशी अवस्था अशा ताफ्यात टाळता येत नाही. राज्यपुनर्रचनेनंतर या गुंत्यात भर पडली. मराठवाड्यात निजामाच्या रेल्वे व रस्ते वाहतूक खात्याची १९३२ पासूनची परंपरा होती. विदर्भात मध्य प्रांताची स्वतंत्र प्रांतिक वाहतूक सेवा होती. या सर्वांचे ताफे, माणसे आणि कामाच्या रीती पुढे एका महामंडळात आल्या, आणि १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तेव्हा त्याच महामंडळाचा एक मोठा भाग तिकडे गेला.

या सरमिसळीतून एसटीने जी वाट काढली, ती मला तिच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तिने चासीच्या बनावटी कमी करत आणल्या. पुढे ताफ्याचा मोठा भाग टाटा आणि अशोक लेलँड या दोनच देशी बनावटींचा झाला, आणि चासीवरची बॉडी बांधण्याचे काम महामंडळाने स्वतःच्या हाती घेतले. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. ज्या तीन प्रदेशांचे ताफे एकत्र आले होते, त्या तिन्ही प्रदेशांत प्रत्येकी एक कार्यशाळा आहे. कारखान्यातून आलेली उघडी चासी, तिच्यावर छप्पर नाही, दारे नाहीत, चालक वाऱ्याधुळीत बसून ती हाकत आणतो आहे, हे दृश्य मुंबई–पुणे रस्त्यावर दापोडीच्या आसपास एके काळी रोजचे होते. काही आठवड्यांनी तीच चासी लाल गाडी होऊन बाहेर पडे आणि तिची रवानगी गडहिंग्लज, उमरखेड किंवा शहादा अशा कुठल्या तरी आगारात होई.

कोणती गाडी कुठे जन्मली हे तिच्या नंबरावरून ओळखता येते. एसटीच्या गाडीवर ती ज्या आगारात धावते त्या जिल्ह्याचा क्रमांक सहसा नसतो, तर ती जिथे बांधून नोंदवली गेली तिथला असतो. सिंधुदुर्गातल्या खेड्यात उभी असलेली एमएच १४ बीटी ही गाडी दापोडीची. सोलापुरात दिसणारी एमएच २० बीएल चिकलठाण्याची, आणि एमएच ४० ही हिंगण्याची. एसटीवर प्रेम करणाऱ्या तरुण मुलांना हे क्रमांक तोंडपाठ असतात. गाडी समोर येताच बॉडीच्या घडणीवरून, खिडक्यांच्या चौकटींवरून ती कुठल्या कार्यशाळेची आणि कुठल्या वर्षांतली असेल हे ते सांगतात. सरकारी संस्थेच्या कामगारांनी बांधलेल्या वस्तूची अशी ओळख आणि असा जिव्हाळा लोकांच्या मनात असणे ही साधी गोष्ट नव्हे.

बॉडी घरी बांधण्याचा खरा लाभ जिव्हाळ्यापेक्षा पुष्कळ ठोस होता. बांधकामाचे ज्ञान संस्थेत राहिले आणि अनुभवाप्रमाणे गाडी बदलत गेली. सुरुवातीच्या लाकडी बॉडी टिकाऊ नव्हत्या, म्हणून पोलादी बॉडी आल्या. पोलाद मजबूत खरे, पण कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत ते गंजू लागले आणि पावसाळ्यांगणिक पत्रा खाऊन टाकणाऱ्या गंजावर रंगाचा थर पुरेना. तेव्हा खर्च जास्त असूनही महामंडळ ॲल्युमिनियमकडे वळले. चार-पाच दशके मराठी माणसाने जी एसटी पाहिली ती या ॲल्युमिनियमच्या, रिवेट मारलेल्या पत्र्यांची. पत्रा चेपला तर त्या भागाचे रिवेट काढून नवा तुकडा बसवणे आगाराच्या पातळीवरही जमण्यासारखे होते, हा तिचा गुण. तिचा दोष अपघातात दिसे. समोरून किंवा बाजूने जोराची धडक बसली की हा पत्रा फाटतो, आत घुसतो आणि सांगाडा प्रवाशांवर दाबला जातो. म्हणून २०१७-१८ पासून माइल्ड स्टीलच्या सांगाड्याच्या, अधिक मजबूत बॉडी बांधण्याकडे महामंडळ पुन्हा वळले आणि चांगल्या अवस्थेतल्या जुन्या चासींवरही अशा नव्या बॉडी चढवण्यात आल्या.

लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम आणि पुन्हा पोलाद या प्रवासातला प्रत्येक निर्णय स्वतःच्या रस्त्यांवर, स्वतःच्या हवेत, स्वतःच्या अपघातांतून आलेल्या अनुभवावर घेतला गेला. मागच्या बाजूची शिडी आणि टपावरचे कॅरिअरही असेच आले. आठवडी बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे आणि गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंका गाडीच्या आत मावणाऱ्या नव्हत्या. भाड्याने आणलेल्या गाडीचा आराखडा निविदेच्या कागदावर ठरतो आणि करार संपेपर्यंत तसाच राहतो. गाडी चालवताना जे शिकायला मिळते ते कंत्राटदाराकडे जाते, आणि करार संपला की तोही निघून जातो.

ताफ्यात वेळोवेळी वेगळ्या प्रकारच्या गाड्याही आल्या. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी पुणे–महाबळेश्वर मार्गावर नीलकमल आणि गिरिआरोहिणी या नावांच्या दोन आरामगाड्या धावत. त्यांत दोन-दोन आसनांची रचना होती, पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि एक घड्याळही होते. १९६८ मध्ये रातराणी सुरू झाली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आलेल्या निमआराम गाड्यांना लोकांनी एशियाड हेच नाव देऊन टाकले, आणि दादर–पुणे प्रवासाची ती एका पिढीची ओळख झाली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याच्या सुमारास शिवनेरी ही वातानुकूलित आरामगाडी आली. पण या सर्वांच्या पायाशी साधी लाल गाडीच होती आणि संख्येने तीच कितीतरी जास्त होती. आरामगाड्यांचे उत्पन्न आणि लाल गाडीचे कर्तव्य एकाच संस्थेत असल्याने एकाची तूट दुसऱ्याने काही अंशी भरून निघे.

या ताफ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गाडी कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या रंगाच्या एसटी गाड्या देण्यात आल्या. गावात सातवीपर्यंत शाळा आहे आणि पुढचे विद्यालय आठ-दहा किलोमीटरवर आहे, अशा ठिकाणी मुलीचे शिक्षण सुटते ते बहुधा वाटेमुळेच. त्या वाटेवर सकाळी ठरल्या वेळी एक निळी गाडी येते, तिच्यात मुलींना तिकीट लागत नाही आणि शाळा सुटल्यावर ती परत येते, एवढ्यानेच पुष्कळ मुली दहावी-बारावीपर्यंत पोचतात. ही फेरी कोणत्याही हिशोबात फायद्याची ठरत नाही. ती चालते, कारण गाडी सार्वजनिक संस्थेची आहे आणि ती कुठे धावावी हे सार्वजनिक हेतूने ठरवता येते.

भाड्याच्या गाडीला हेच जमत नाही, आणि त्याचे कारण कोणाच्या वाईट हेतूत शोधण्याची गरज नाही. ते कराराच्या रचनेतच आहे. वेट लीज पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याचीच. महामंडळाचा वाहक तिकिटे देतो आणि महामंडळ कंत्राटदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. गाडीवर केलेली गुंतवणूक वसूल व्हावी म्हणून रोजच्या किमान किलोमीटरची हमी करारात असते, म्हणजे गाडी तेवढी धावली नाही तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. साहजिकच आगारप्रमुख या गाड्या लांब पल्ल्याच्या, सरळ रस्त्याच्या आणि भारमान (भरलेल्या आसनांचे प्रमाण) चांगले असलेल्या मार्गांवर लावतो. सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावर मुक्कामाला जाऊन पहाटे तालुक्याला परत येणारी गाडी दिवसभरात त्या हमीच्या जवळपासही पोचणार नाही. त्यामुळे चांगले मार्ग भाड्याच्या गाडीकडे जातात आणि तोट्याचे मार्ग जुन्या लाल गाडीकडे उरतात. मग लाल गाडीचे आकडे आणखी वाईट दिसू लागतात, आणि त्याच आकड्यांच्या आधारे आणखी भाड्याच्या गाड्यांची शिफारस होते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या शिवशाहीत याचा अनुभव आला. वातानुकूलित गाडी रातराणीपेक्षा थोड्याच जास्त भाड्यात मिळावी ही कल्पना चांगली होती, आणि त्यांतल्या काही गाड्या महामंडळाच्या स्वतःच्याही होत्या. पण भाड्याच्या शिवशाहीत चालक एका मालकाचा आणि वाहक दुसऱ्याचा असल्याने गाडीवर नेमकी सत्ता कोणाची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. एसटीचा चालक सेवेत येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही महामंडळाच्या प्रशिक्षणातून आणि कडक चाचण्यांतून जातो. विनाअपघात सेवेची त्याची नोंद ठेवली जाते, आणि त्या नोंदीला त्याच्या नोकरीत किंमत असते. कंत्राटदाराच्या चालकावर महामंडळाची तशी पकड नसते. शिवशाहीच्या अपघातांच्या आणि आगींच्या बातम्या वारंवार येत गेल्या आणि काही कंत्राटदार सेवा सोडून गेले. घाटात लाल गाडी बंद पडली तर जवळच्या आगारातून यांत्रिक येतो आणि मागून येणारी कोणतीही एसटी त्याच तिकिटावर प्रवाशांना घेऊन पुढे जाते. भाड्याच्या गाडीत मात्र प्रवाशांची सोय महामंडळाने करायची आणि गाडीची दुरुस्ती कंत्राटदाराने. आगारातल्या अनुभवी यांत्रिकाला तिचे झाकण उघडण्याचाही अधिकार नसतो.

मुंबईत बेस्टने हा मार्ग आपल्यापेक्षा वेगाने धरला. स्वतःच्या गाड्या वयोमानाने बाद होत गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या गाड्या आल्याच नाहीत आणि ताफ्याचा बहुतांश भाग भाड्याचा झाला. त्यानंतर काही कंत्राटदारांनी दर परवडत नाही म्हणून मध्येच सेवा बंद केली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी अपुऱ्या वेतनासाठी संप केला, तेव्हा हजारो मुंबईकर थांब्यांवर ताटकळत राहिले, आणि बेस्टकडे रस्त्यावर काढायला स्वतःच्या पुरेशा गाड्याही नव्हत्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाड्याच्या विजेवरच्या बसने माणसे चिरडली, तेव्हा त्या चालकाला अशी गाडी चालवण्याचे प्रशिक्षण किती मिळाले होते हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. एके काळी देशात नावाजलेली ही सेवा अशा स्थितीला आलेली पाहून राज्यातल्या खेड्यापाड्यांची एसटी त्याच वाटेने नेण्याचा आग्रह कोणी का धरावा, हे मला समजत नाही. मुंबईकराला निदान लोकल आणि मेट्रो आहे. भामरागडच्या किंवा मोखाड्याच्या माणसाला एसटी चुकली तर जीपच्या टपावर बसावे लागते.

तरीही आपण त्याच वाटेवर आहोत. पहिल्या एसटीच्या ७४ व्या वर्धापनदिनी, १ जून २०२२ रोजी, त्याच पुणे–नगर रस्त्यावर शिवाई ही विजेवरची पहिली एसटी धावली, पण ती भाडेतत्त्वावरची होती. त्यानंतर ५,१५० विजेवरच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या करारांपैकी हा एक. मे २०२५ पर्यंत त्यांतल्या जेमतेम दोनशे-सव्वादोनशे गाड्या आल्या आणि परिवहन मंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली. दरम्यान १,३१० साध्या गाड्या भाड्याने घेण्याची प्रक्रिया २०२५ च्या आरंभी मुख्यमंत्र्यांनी थांबवली. या काळात सर्वांत मोठे नुकसान झाले ते वेळेचे. हजारो भाड्याच्या गाड्या येणार या भरवशावर स्वतःच्या गाड्यांची खरेदी लांबत गेली. करोनापूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा पंधरा हजारांच्या आसपास उतरला, आणि उरलेल्या गाड्यांचे वय वाढत राहिले. पंधरा वर्षे पूर्ण झालेली सरकारी वाहने बाद करण्याचा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि त्यात परिवहन महामंडळांच्या गाड्याही येतात, हे माहीत असूनही.

याच काळात प्रवाशांना दिलेली आश्वासने मात्र वाढत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. हे दोन्ही निर्णय मला मनापासून योग्य वाटतात. माहेरी, दवाखान्यात, बाजारात जायला निघालेल्या बायकांनी गाड्या भरून जाऊ लागल्या, यापेक्षा चांगली बातमी सार्वजनिक वाहतुकीला दुसरी कोणती असणार? पण प्रवासी वाढत असताना गाड्या घटत असतील, तर ती सवलत दाराला लोंबकळत वापरावी लागते. सवलतीचा शासननिर्णय काढताना त्याच दिवशी जादा गाड्यांच्या खरेदीचा निर्णयही निघायला हवा होता.

ताफा स्वतःचा असण्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते आपल्या वार्षिक गर्दीत आणि संकटात. आषाढीला पंढरपूरसाठी आणि गणपतीला कोकणासाठी एसटी अलीकडे पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडते. त्यासाठी राज्यभरातल्या आगारांतून गाड्या काढून चार-आठ दिवसांसाठी एका दिशेला वळवल्या जातात. विदर्भातली गाडी वारकऱ्यांना घेऊन चंद्रभागेकाठी येते, मराठवाड्यातल्या चालकाला परशुराम घाट उतरावा लागतो. हे होऊ शकते, कारण ताफा एकाच्या आज्ञेत आहे. मार्ग, किलोमीटर आणि दर ठरवून बांधून घेतलेल्या गाड्या अशा रातोरात हलवता येत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातल्या कोट्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणण्यासाठी धुळ्याहून एसटीच्या गाड्या निघाल्या, आणि मे महिन्यात पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडण्यासाठी लाल गाड्याच धावल्या. त्या दिवसांत खासगी आरामगाड्या बंद होत्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण नफा नसलेल्या रस्त्यावर धावण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप पैशाचा: गाडी विकत घ्यायला एकरकमी भांडवल लागते आणि तोट्यातल्या महामंडळाकडे ते नाही. हे खरे आहे. पण भाड्याच्या दरात गाडीची किंमत, तिच्यावरचे व्याज आणि कंत्राटदाराचा नफा हे तिन्ही असतातच. भांडवल आपण टाळत नाही, ते हप्त्याहप्त्याने आणि जास्त दराने फेडतो, आणि शेवटी गाडी आपली होत नाही. राज्य सरकारची पत कोणत्याही खासगी कंत्राटदारापेक्षा चांगली आहे, तेव्हा स्वस्त कर्ज त्यालाच मिळू शकते.

दुसरा आक्षेप कार्यशाळांच्या कार्यक्षमतेचा. आजच्या नियमांनुसार गाडीची बॉडी ठरावीक मानकांत बसवून प्रमाणित करावी लागते. कारखान्यात तयार होणाऱ्या गाडीशी दापोडीची गाडी वेगात आणि सफाईत स्पर्धा करू शकेल का, अशी शंका घेतली जाते. इथे मी आग्रह सैल करायला तयार आहे. २०२४ मध्ये महामंडळाने २,१०४ तयार गाड्यांची मागणी नोंदवली, सुमारे ९८१ कोटी रुपयांची. त्या गाड्या महामंडळाच्या मालकीच्या असल्याने तो निर्णय मी योग्यच मानतो. नवी गाडी कारखान्यातून तयार येवो. पण आठ-दहा वर्षे धावलेल्या गाडीची पुनर्बांधणी, अपघातग्रस्त गाडीची दुरुस्ती, टायरांचे रिट्रेडिंग (झिजलेल्या टायरवर नवा थर चढवणे) आणि इंजिनांची उस्तवारी ही कामे तिन्ही कार्यशाळांत जोमाने चालली पाहिजेत. त्यासाठी रिकाम्या पडलेल्या कारागिरांच्या जागा भरायला हव्यात. शेजारच्या कर्नाटक महामंडळाने अलीकडच्या वर्षांत शेकडो जुन्या गाड्या आपल्याच कार्यशाळांत नव्यासारख्या करून रस्त्यावर आणल्या आहेत. आपल्याकडे हे कौशल्य कमी नव्हते. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक वेल्डरबरोबर आणि पत्राकाम करणाऱ्या कारागिराबरोबर ते थोडे थोडे संपत चालले आहे, याची मला फार खंत वाटते.

तिसरा आक्षेप विजेच्या गाड्यांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. बॅटरीचे आयुष्य, तिची बदलती किंमत आणि नवे तंत्रज्ञान यांचा धोका महामंडळाने स्वतःवर का घ्यावा, असे विचारले जाते, आणि केंद्राचे अनुदानही बराच काळ भाडेपद्धतीलाच जोडलेले होते. बॅटरीपुरता हा युक्तिवाद मी मान्य करतो. तिचा पुरवठा आणि हमी निर्मात्याकडे ठेवणारा करार करता येतो. पण गाडी आणि चालक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. विजेवरच्या गाडीवरही महामंडळाचाच प्रशिक्षित चालक बसला पाहिजे आणि तिच्या देखभालीचे शिक्षण आगारातल्या यांत्रिकांना आजपासून मिळाले पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी ताफा विजेचा झालेला असेल आणि त्यातले काही दुरुस्त करू शकणारा एकही माणूस महामंडळाच्या पगारपत्रकावर नसेल.

आता हिशोबाकडे येऊ. पंधरा हजार गाड्यांचा ताफा जरी तेवढाच ठेवायचा म्हटला, तरी पंधरा वर्षांच्या मर्यादेमुळे दरवर्षी किमान एक हजार गाड्या बदलाव्याच लागतात. २०२४ च्या मागणीतला दर धरला तर एक गाडी सुमारे ४७ लाखांची, म्हणजे वर्षाला सुमारे ४७० कोटी. ताफा करोनापूर्वीच्या संख्येवर न्यायचा असेल तर काही वर्षे याच्या दुप्पट तरतूद लागेल. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम मोठी नाही. दर वर्षी नेमाने खर्च केली तर ताफ्याचे वय आपोआप समतोल राहते. पाच वर्षे काहीच न घेता सहाव्या वर्षी एकदम अडीच हजार गाड्या घेतल्या, तर पंधरा वर्षांनी त्या अडीच हजारही एकदमच बाद होतात आणि तीच टंचाई पुन्हा उभी राहते. आजची टंचाई अशाच जुन्या खंडांची परिणती आहे.

पैसा कुठून आणायचा याचे उत्तरही तिकिटातच आहे. एसटीच्या प्रवाशाकडून १७.५ टक्के प्रवासी कर घेतला जातो, म्हणजे लाल गाडीतून जाणारा शेतमजूर आणि कॉलेजचा विद्यार्थी दर फेरीला राज्याच्या तिजोरीत भर घालतो. हा कर रद्द करावा की नाही यावर वेगळा वाद होऊ शकतो. तो जोवर घेतला जातो, तोवर त्यातून जमणारी रक्कम कायद्याने फक्त नव्या गाड्यांच्या खरेदीसाठी आणि तीन मध्यवर्ती कार्यशाळांच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवावी. वेतन, इंधन किंवा जुनी देणी यांकडे ती वळवता येऊ नये. आणि दरवर्षी १ जूनला महामंडळाने प्रत्येक आगाराच्या ताफ्याचा तक्ता प्रसिद्ध करावा. कोणत्या आगारात किती गाड्या, त्यांतल्या स्वतःच्या किती, भाड्याच्या किती, दहा वर्षांवरच्या किती, आणि गाडीअभावी वर्षभरात रद्द झालेल्या फेऱ्या कोणत्या गावांच्या, हे सारे त्यात असावे. विधानसभेत एसटीवरची चर्चा त्या तक्त्यावर झाली, तर अक्कलकुव्याच्या आमदाराला आपल्या तालुक्यातल्या मुक्कामी गाड्या का बंद झाल्या हे सभागृहात विचारता येईल, आणि मंत्र्याला त्याचे उत्तर गाड्यांच्या संख्येत द्यावे लागेल.